जुन्या स्पीकरची सोयरीक

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ यावर बोलावं. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण माझं स्वतःचं नियोजन कसं झालं ते आमच्या घरी विचारा. निवृत्तीच्या पैशातून मी पहिली वस्तू घेतली ती जुन्या स्पीकरची एक जोडी, आणि ती पंधरा दिवसांत जाळून टाकली. तेव्हा ज्या विषयात मी पैसे घालवून शिकलो, त्यावरच बोलतो. जुने स्पीकर घ्यायचे कसे आणि त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर शोधायचा कसा. दिवाळीत माळे आवरताना आपल्यापैकी दोन-तीन घरांत जुने डबे निघालेत हे मला ठाऊक आहे, म्हणून विषय अगदीच निरुपयोगी नाही.

सुरुवात अकोल्यापासून करावी लागते. १९७९ साली मी अकोल्याच्या शाखेत होतो. रामदासपेठेत एक खोली भाड्यानं घेतली होती, लग्न व्हायचं होतं. आमच्या शाखेत एका डॉक्टरांचं चालू खातं होतं. ते काही वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करून परत आले होते आणि येताना बोटीनं एका मोठ्या खोक्यात दोन वार्फडेल स्पीकर घेऊन आले होते. एकदा ड्राफ्टच्या कामासाठी मी त्यांच्या घरी गेलो तर आतून भीमसेन जोशींचा आवाज येत होता. मला क्षणभर खरंच वाटलं, की आत कोणी गायला बसलं आहे. तोवर मी गाणं ऐकलं ते मर्फीच्या रेडिओवर, नाहीतर गणपतीत मंडपाच्या भोंग्यावर. गाण्यामागचा तंबोरा वेगळा ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, “आवडलं? रविवारी या.” मग दर रविवारी संध्याकाळी मी तिथं. वहिनी चहा-चिवडा आणून ठेवायच्या. डॉक्टर रेकॉर्ड पुसायचे, सुई ठेवायचे आणि बोलणं बंद. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची गाणी मी नीट, शब्दन् शब्द, ऐकली ती त्या खोलीत. दोन वर्षांनी बदली झाली. पुढे संसार, मुलांची शिक्षणं, प्रमोशन, पुन्हा बदल्या. तो आवाज मात्र डोक्यातून गेला नाही.

२०१० ला निवृत्त झालो. त्याच वर्षी मुंबईला लग्नाला गेलो असता वऱ्हाडी मंडळींना चुकवून मी चोरबाजारात शिरलो. एका दुकानात जपानी स्पीकर दिसले. कमरेइतके उंच, तीन-तीन पडदे, पुढे चकचकीत पट्टी. दुकानदारानं लावून दाखवले, दणदणीत वाजले. चौदा हजार मोजले आणि अंबा एक्स्प्रेसच्या डब्यात लोकांच्या शिव्या खात अमरावतीला आणले. बँकेत सोनं तारण ठेवताना आम्ही सोनाराला बोलवून कस लावून घ्यायचो. इथं मी समोरची जाळी काढूनसुद्धा पाहिली नाही. घरी आल्यावर जाळी काढली आणि वूफरच्या कडेला बोट लावलं, तर ती कड काजळीसारखी बोटाला लागली.

हे समजून घ्या, कारण जुन्या स्पीकरमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. स्पीकरचा जो मोठा पडदा, म्हणजे कोन, पुढेमागे हलतो, तो बाहेरच्या लोखंडी चौकटीला एका लवचिक कडेनं जोडलेला असतो. ही कड कापडाची असते, रबराची असते किंवा फोमची असते. कापड आणि रबर चाळीस-पन्नास वर्षंही टिकतात. फोम साधारण पंधरा-वीस वर्षांत कुजतो, मग स्पीकर वाजवा की माळ्यावर ठेवा. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तो आणखी लवकर भुगा होतो. फोम कुजला म्हणजे स्पीकर मेला असं नाही. नवी कड बाजारात मिळते आणि धीराचा कारागीर ती चिकटवून देतो. पण तो खर्च किंमत ठरवतानाच वजा करायचा असतो. मी चौदा हजार मोजून मोकळा झालो होतो.

बरं, कड बदलून घेतली. आता वाजवायचे कशावर? माझ्याकडे ॲम्प्लिफायर नव्हता. गल्लीतल्या मंडप-डेकोरेशनवाल्याकडून मी त्याचा ॲम्प्लिफायर दोन दिवसांसाठी आणला. मागे स्क्रूच्या पट्टीवर आकडे होते ४, ८, १६ आणि शेवटी १००. मी विचार केला, स्पीकर मोठे आहेत, तर मोठ्या आकड्याला लावू. हसू नका. तो १०० म्हणजे ओहम नव्हे, १०० व्होल्टची लाईन. मंडपातले भोंगे दूरदूर खांबांवर असतात, तार लांब जाते, म्हणून ॲम्प्लिफायर जास्त व्होल्टेजवर आवाज पाठवतो आणि प्रत्येक भोंग्याला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो ते उतरवून घेतो. घरच्या स्पीकरमध्ये असा ट्रान्सफॉर्मर नसतो. मी बटण फिरवलं, एक मोठा कडाका झाला, जळक्या वार्निशचा वास आला आणि दोन्ही डबे गप्प. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, “चौदा हजार?”

तिथून मी अभ्यासाला लागलो. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

स्पीकर आणि ॲम्प्लिफायर ही सोयरीक आहे. दोन्ही घरं चांगली असली तरी एकमेकांना मानवतीलच असं नाही. आणि या सोयरिकीत आधी स्पीकर पसंत करायचा, मग त्याला ॲम्प्लिफायर पाहायचा. लोक नेमकं उलटं करतात. आवाजाचा स्वभाव बहुतांशी स्पीकर ठरवतो, आणि खोली ठरवते. ॲम्प्लिफायरचं काम स्पीकर जेवढं मागेल तेवढं न कुरकुरता पुरवण्याचं.

मागणी किती, हे सांगणारा पहिला आकडा म्हणजे ओहम. स्पीकरच्या पाठीवर ४, ८ किंवा १६ लिहिलेलं असतं. हे बँकेच्या बाजूनं बघा. स्पीकर कर्जदार, ॲम्प्लिफायर बँक. ओहम जितके कमी, तितकी करंटची उचल जास्त. समजा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २० वॉट देतो, तर करंट जातो दीड अँपिअरच्या जरा वर. त्याच आवाजाच्या ठिकाणी ४ ओहमचा स्पीकर लावला की उचल दुप्पट, तीन अँपिअरच्या वर. ज्या ॲम्प्लिफायरची तेवढी ऐपत नाही तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागे जो किमान ओहमचा आकडा असतो, त्याच्या खालचा स्पीकर त्याला लावू नये. वरचा चालतो, आवाज थोडा कमी मिळेल एवढंच.

आपल्या गणेशोत्सवात तीन वर्षांपूर्वी ऐन आरतीत आवाज बंद पडला होता, आठवतं? सगळ्यांनी वीज मंडळाला दोष दिला. वीज होती. आपल्याच मुलांनी ८ ओहमचे चार स्पीकर एकाच जोडीला, लाल तारेला लाल आणि काळीला काळी अशा समांतर लावले होते. आठचे दोन समांतर लावले की चार होतात, चार लावले की दोन. दोन ओहमवर तो बिचारा ॲम्प्लिफायर अर्धा तास टिकला हेच नवल. त्याच चार स्पीकरच्या दोन जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीत एकामागे एक असे लावायचे म्हणजे प्रत्येकी सोळा होतात, आणि मग त्या दोन जोड्या समांतर लावायच्या. पुन्हा आठ. पुढच्या वर्षी मुलांनी तसं केलं आणि विसर्जनापर्यंत काही झालं नाही.

दुसरा आकडा लोक पाहतच नाहीत. एक वॉट दिला तर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो तो आकडा. याला संवेदनशीलता म्हणा. आवाज ३ डेसिबलनं वाढवायला वॉट दुप्पट लागतात. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर जे काम १० वॉटमध्ये करतो, त्यासाठी ८४ च्या स्पीकरला ४० वॉट लागतील. बंद पेटीचे छोटे इंग्लिश स्पीकर बहुधा खालच्या बाजूला असतात. त्यांच्या उलट जुन्या सिनेमा थिएटरच्या पडद्यामागचे भोंगे, ते शंभरच्या आसपास जातात. आपल्या भागातली एकपडदा थिएटरं बंद पडत गेली तेव्हा असे भोंगे भंगारात गेले. ते चार-पाच वॉटवर घर दणाणून सोडतील. पण ते फ्लॅटमध्ये ठेवायचे तर आपल्याला गॅलरीत झोपावं लागेल.

वॉटचं वेड मात्र सोडा. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं लिहिलेलं असायचं. त्याचा खऱ्या, सतत मिळणाऱ्या वॉटशी काहीही संबंध नसायचा. आरएमएस लिहिलेला आकडा तेवढा विचारात घ्यावा. वार्फडेल कंपनी ज्यांनी १९३२ साली इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये काढली, ते गिल्बर्ट ब्रिग्ज १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जाऊन बसले. हॉल सुमारे तीन हजार माणसांचा. तिथं त्यांनी प्रत्यक्ष वादन आणि आपल्या स्पीकरवरची रेकॉर्ड, दोन्ही लोकांना ऐकवलं. ॲम्प्लिफायरच्या बाजूला क्वाडचे पीटर वॉकर होते आणि क्वाडचा त्या काळचा ॲम्प्लिफायर १५ वॉटचा. आपल्या बारा बाय पंधराच्या हॉलला हजार वॉट कशाला हवेत?

आणखी एक उलटं सत्य. मोठ्या ॲम्प्लिफायरनं स्पीकर जळतो तसा लहान ॲम्प्लिफायरनंही जळतो. लहान ॲम्प्लिफायरला कुवतीबाहेर ताणलं की तो आवाजाच्या लाटेची टोकं छाटून पाठवतो. त्या छाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीचा कचरा फार, आणि तो सगळा जातो नाजूक ट्वीटरकडे. आवाज फाटतोय असं वाटलं की बटण मागे घ्यावं. लग्नाच्या वरातीतले ट्वीटर कसे जातात ते आता लक्षात आलं असेल.

आता २०१६ कडे येतो.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अकोल्याहून फोन आला. डॉक्टरांच्या वहिनींचा. डॉक्टर जाऊन चार वर्षं झाली होती. घर पाडून फ्लॅट होणार होते, मुलगा बंगळूरला. “भाऊजी, ते डॉक्टरांचे गाण्याचे डबे तुम्हाले पाह्यजेत का? नाहीतर भंगारवाल्याले द्यायचे हायेत.” मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अकोला गाठलं.

सोबत पिशवीत टॉर्च, मल्टिमीटर, एक दीड व्होल्टचा सेल आणि तारेचा तुकडा. चोरबाजारानं शिकवलं होतं. जाळी काढली, टॉर्च मारला. कडा रबराच्या, शाबूत. दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हलकेच आत दाबला. खरखर नाही, म्हणजे आतली कॉइल घासत नाही. मागच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. इथं एक लक्षात ठेवा, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ते ठीक असतं. काहीच दाखवलं नाही तर आत तार तुटलेली. मग सेल. प्लसला प्लस धरून क्षणभर टेकवायचा. टक् असा आवाज होतो आणि कोन पुढे येतो. दोन्ही स्पीकरचा कोन एकाच दिशेला यायला हवा, एक पुढे आणि एक मागे गेला तर कुणीतरी आतली तार उलटी जोडलेली असते आणि मग ढोलकी गायब होते. दोन्ही पुढे आले. पाठीवरचे नंबर पाहिले, एकापुढे एक होते. म्हणजे जोडी मूळचीच.

वहिनी चहा घेऊन आल्या. तोच ट्रे. म्हणाल्या, “तुम्ही बँकेतले. किंमत तुम्हीच सांगा.”

मित्रहो, त्या आठवड्यात मी मुंबई-पुण्याच्या दोन ठिकाणी अशाच जोडीची चौकशी केलेली होती. वीस-बावीस हजार भाव चालू होता. मी म्हणालो, “सहा हजार.” वहिनी एकदम खूश. “इतके? पोरगा तं म्हणे भंगारवाला पाचशे देईल.” मी पैसे मोजले, टॅक्सी केली आणि मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला परत. वाटेत दोनदा टॅक्सी थांबवून स्पीकर नीट बांधलेत का ते बघितलं.

आता ॲम्प्लिफायर. मुलाचा होम थिएटरचा रिसीव्हर घरात होता. लावला, अर्धा तास छान वाजला आणि दिवा लुकलुकून बंद. थोड्या वेळानं सुरू केला, पुन्हा बंद. त्याच्या मागे ६ ओहमच्या खाली लावू नये असं छापलेलं होतं आणि डॉक्टरांच्या स्पीकरच्या पाठीवर होतं ४ ते ८. म्हणजे काही सुरांना तो चारपर्यंत खाली उतरणार. कर्जदार मोठी उचल करणारा आणि बँक पतपेढी. महिनाभर शोध घेऊन पुण्याच्या एका सद्गृहस्थाकडून एनएडी कंपनीचा ३०२० घेतला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघालेला. दिसायला अगदी सामान्य, करडा डबा, कागदावर फक्त २० वॉट. पण कमी ओहमच्या स्पीकरला क्षणभर लागणारी जादा उचल तो सहज देतो, हेच त्याचं नाव होण्याचं कारण. मागे एक छोटं बटणही आहे, आवाज ताणला गेला तर लाटेची टोकं एकदम न छाटता हळू गोल करतं. ट्वीटरचा विमाच म्हणा.

जुना ॲम्प्लिफायर आणला की तो थेट बोर्डात घालायचा नाही. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, शंभर वॉटचा पिवळा बल्ब मध्ये घालून वीज द्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. जपान-अमेरिकेतून आलेला माल असेल तर आधी पाठ वाचा. तिकडे १००-१२० व्होल्ट आहेत, आपले २३०. आणि स्पीकर जोडण्याआधी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर डीसीवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या खाली पाहिजे. कितीतरी व्होल्ट दाखवले तर आतला ट्रान्झिस्टर गेलेला असतो, स्पीकर लावलात की कॉइल भाजून निघेल. माझ्या डब्यानं एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २२ दाखवले. कुणाकडे व्हॉल्व्हचा जुना रेडिओग्राम असेल तर त्याचं तंत्र वेगळं, तो स्पीकर न लावता कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

तार, डिसेंबरची थंडी, आणि मी गाणं लावलं. मला सगळं उत्तम वाटलं. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. मी तुकडोजी महाराजांचं खंजिरीवरचं भजन लावलं होतं. ती म्हणाली, “आजोबा, डावीकडे छनछन वाजत नाही.” मी म्हटलं, वाजते की. ती म्हणाली, नाही वाजत. कान लावून पाहिलं, मला दोन्ही सारखेच. मग डॉक्टरकडे कान तपासून आलो. वरच्या पट्टीचं मला ऐकूच येत नाही, वयानं गेलं. खरोखरच डावा ट्वीटर जवळजवळ मुका होता. ट्वीटर चांगला, पण त्याच्या वाटेतला कंडेन्सर चाळीस वर्षांत सुकलेला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे कंडेन्सर दोन्ही डब्यांत घातले, मजुरी धरून सातशे रुपये. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, जुना स्पीकर घ्यायला जाताना दहा-बारा वर्षांचं पोर बरोबर न्या आणि खंजिरीचं भजन न्या. त्या छोट्या चकत्यांइतकी ट्वीटरची परीक्षा कुठलंही यंत्र घेत नाही. माणसाच्या आवाजाची परीक्षा घ्यायची तर आकाशवाणीच्या बातम्या लावा. निवेदक डब्यात बसून बोलतोय असं वाटलं तर स्पीकर नको.

हे माझं थोडं पुढेमागे झालं. सांगायचं ते असं, की ॲम्प्लिफायर यायच्या आधीच, रिसीव्हरवर जो अर्धा तास वाजला ना, त्याच रात्री सौभाग्यवतींनी विचारलं, “केवढ्याला दिले वहिनींनी?” मी सांगितलं. “आणि असतात केवढ्याला?” तेही सांगितलं. त्यांनी चादर झटकली आणि विचारलं, “डॉक्टरांच्या घरचा चहा किती वेळा प्यायले तुम्ही?”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मालाची किंमत लावली. शेत, घर, कापसाच्या गाठी, सोनं. एकदाही कमी किंवा जास्त लावल्याचा ठपका आला नाही. आणि जिथं कोणी तपासणारा नव्हता तिथं मी असा वागलो. चार-पाच आठवडे काढले. रोज स्पीकर लावायचो आणि दहा मिनिटांत बंद करायचो.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा अकोला. नोटाबंदीचे दिवस, रोख आणणार कुठून. सोळा हजारांचा चेक लिहून नेला. वहिनींना सगळं सांगितलं, भाव मला आधीपासून माहीत होता हेही सांगितलं. त्या बराच वेळ चेककडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, असू द्या भाऊजी. त्या म्हणाल्या, “हा वटते ना?” म्हटलं, वटेल. मग म्हणाल्या, “अन् आताही काही कमी देऊन तं नाही राह्यले?” मी मान खाली घातली. म्हटलं, नाही. चेक त्यांनी डब्यात ठेवला. चहा मात्र त्या दिवशी झाला नाही.

पुढे सव्वा वर्षानं, २०१८ च्या सुरुवातीला, त्या अमरावतीला एका लग्नाला आल्या होत्या. स्वतःहून फोन केला, येऊ का म्हणून. तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा आपल्या बिल्डिंगची लिफ्ट नादुरुस्त होती, चढून आल्या. स्पीकरकडे बघितलं. मी ते भिंतीपासून दीड फूट पुढे, स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेल्या ग्रॅनाईटच्या तुकड्यांवर ठेवले आहेत. कोपऱ्यात ठेवले की ढोलकी सगळं गाणं खाऊन टाकते, आणि खालच्या मजल्यावरचे देशपांडे वर येतात, ते वेगळंच. मी भीमसेनजी लावले. चांगला आवाज दिला, म्हटलं त्यांना कळू दे काय वस्तू आहे.

वहिनी म्हणाल्या, “एवढ्या मोठ्यानं ते नोते लावत.”

मी कमी केला. “आणखी.” आणखी कमी केला. “हं. एवढा.”

बटण नऊ वाजल्याच्या काट्याच्याही खाली गेलं होतं. आणि तिथं मला तंबोरा ऐकू आला. १९७९ चा. सव्वा वर्ष मी तो आवाज शोधत होतो, कंडेन्सर बदलले, तारा बदलल्या, आणि चूक होती ती माझ्या हाताची. त्या अख्खी बाजू ऐकून उठल्या. सौभाग्यवतींनी चहा केला होता, तो घेतला.

बटणापाशी त्या जागी मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावून ठेवला आहे. नातीला ताकीद आहे, ठिपक्याच्या पुढे न्यायचं नाही. ती आता कॉलेजात जाते आणि मी घरात नसलो की नेते, हे मला देशपांड्यांकडून कळतं.

हल्ली जुन्या वस्तूंचा बाजार फार वाढला आहे. त्याच वार्फडेल कंपनीनं २०१९ मध्ये आपलं लिंटन हे जुनं मॉडेल नव्या रूपात काढलं, म्हणजे त्यांनाही ओढ कळली म्हणायची. भाव चढले आहेत, त्यामुळे घेणाऱ्यानं घाई करू नये आणि विकणाऱ्यानं भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन ठिकाणी विचारावं. आपल्या सी विंगमध्ये एका घरी सोनोडाईनची जोडी माळ्यावर आहे. घरच्यांची परवानगी घेऊन सांगतो, विकायची नाही, वाजती करायची आहे. या रविवारी मी बघायला जाणार आहे. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं.

टॉर्च, मल्टिमीटर आणि सिरीज बोर्ड माझ्याकडे आहे, कुणालाही लागला तर रात्री दहाच्या आत येऊन न्यावा. मल्टिमीटरचा सेल मात्र ज्याचा त्यानं आणावा, मागच्या वेळी नेणाऱ्यानं चालू ठेवूनच परत केला होता.